दोन छिद्रांची साक्ष

जपानी किमोनोला खिसा नसतो. या एका उणिवेतून तेथे एक संपूर्ण कला जन्मास आली. पैशाचा कसा, तंबाखूची पिशवी, औषधाच्या गोळ्यांची लाखेची डबी या वस्तू पुरुषाने बाळगाव्यात कोठे? त्याने त्या रेशमी दोरीला बांधल्या, दोरी कमरपट्ट्याच्या मागून वर काढली, आणि ती निसटू नये म्हणून तिच्या वरच्या टोकाला एक लहानसा अडसर बसविला. या अडसरालाच ‘नेत्सुके’ असे नाव आहे. आकाराने तो अंगठ्याच्या दोन पेरांहून क्वचितच मोठा असे. त्याला टोक किंवा कंगोरा असून चालत नसे. कारण तो रेशमी वस्त्रात अडकला तर वस्त्र फाटणार आणि कोरीवकाम मोडणार. एवढ्या मर्यादेत राहून जपानी कारागिरांनी त्या इवल्याशा गोलाईतून झोपी गेलेला उंदीर, जांभई देणारा भिक्षू, पाठीवर पिलू घेतलेली वानरी आणि पावसात भिजलेला राक्षस साकार केला.

अशी एखादी जुनी हस्तिदंती पुतळी विक्रीस आली म्हणजे जाणता संग्राहक तिचा चेहरा मागाहून पाहतो. आधी तो तिला पालथी करतो आणि तिच्या पाठीवरची किंवा तळाची दोन छिद्रे न्याहाळतो. दोरी याच छिद्रांतून ओवली जाई. वर्षानुवर्षे दोरीचा घास लागून छिद्रांच्या कडा मऊ झाल्या आहेत काय, कमरपट्ट्याला टेकणारी बाजू गुळगुळीत होऊन पिवळसर झाली आहे काय, हे तो पाहतो. पुतळीवर नाव कोणाचेही कोरता येते. ती वापरात होती की नाही, याची साक्ष मात्र ही दोन छिद्रेच देतात. या साक्षीची कथा एदोच्या बाजारात सुरू होते, वाटेत मुंबईच्या बंदराला स्पर्श करते, आणि दक्षिणेत कावेरीच्या काठी, कुंभकोणम्‌जवळच्या शिवपुरम् व गोविंदपुरम् या खेड्यांपर्यंत येऊन पोहोचते. तेथे ती निराळ्याच वळणावर उभी राहते.

जपानवर १६०३ पासून १८६८ पर्यंत तोकुगावा घराण्याची सत्ता होती. एदो म्हणजे आजचे तोकियो ही या सत्तेची राजधानी. समाजाची उतरंड पक्की ठरलेली होती. सर्वांत वर सामुराई, त्यांच्या खाली शेतकरी, मग कारागीर, आणि सर्वांच्या शेवटी व्यापारी. परंतु पैसा जमला तो या शेवटच्या वर्गापाशी. व्यापाऱ्याने भरजरी वस्त्रे ल्यावीत, थाटामाटाने मिरवावे, हे सत्ताधाऱ्यांना रुचत नसे; पोशाखावर आणि राहणीवर वेळोवेळी निर्बंध घातले जात. अशा वेळी धनिकाची हौस लहान वस्तूंत शिरली. साध्या रंगाच्या किमोनोवर कमरेशी लोंबणारी एक सुबक पुतळी हा कोणाच्या डोळ्यांत न खुपणारा, तरी जाणकाराला तत्काळ ओळखू येणारा वैभवाचा मार्ग होता. १७८१ साली ओसाका येथे प्रसिद्ध झालेल्या ‘सोकेन किशो’ या ग्रंथात पन्नासांहून अधिक नेत्सुके-कारागिरांची नोंद आढळते. एका उपयोगी वस्तूच्या कर्त्यांची नावे अशा रीतीने ग्रंथात नोंदली जावीत, यावरूनच त्या कलेची प्रतिष्ठा ध्यानात येते.

या पुतळ्या लाकडाच्या असत, हरणाच्या शिंगाच्या असत, रानडुकराच्या सुळ्याच्याही असत. हस्तिदंत हा त्यांतील मौल्यवान प्रकार. जपानात हत्ती नाही. चिनी आणि डच जहाजांनी हस्तिदंत नागासाकीच्या बंदरात येई. शामिसेन नावाचे तंतुवाद्य वाजविण्यासाठी रुंद पात्याची नखी लागते. ती हस्तिदंताची करीत, आणि ती कापून झाल्यावर जे त्रिकोणी तुकडे उरत त्यांतून नेत्सुके कोरले जाई. काही जुन्या पुतळ्यांचा निमुळता, तिरपा आकार हा कलावंताच्या लहरीचा नसून या उरलेल्या तुकड्याचा असतो. टाकाऊ तुकडा वाया जाऊ न देणारी ही काटकसर त्या कलेच्या मुळाशी आहे, हे येथे मुद्दाम लक्षात ठेवले पाहिजे. पुढे जे घडले ते याच्या नेमके उलट होते.

भारतीय माणसाला या पुतळ्यांमध्ये ओळखीचे चेहरेही भेटतात. जपानी लोकांच्या सात भाग्यदेवतांपैकी वाद्य धारण करणारी बेन्झाइतेन ही मूळची सरस्वती. चिलखत घातलेला बिशामोन्तेन हा वैश्रवण, म्हणजे कुबेर. आणि तांदळाच्या पोत्यांवर बसलेला, हसतमुख दाइकोकुतेन हा नावाने महाकाल. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे या देवता तेथे गेल्या आणि त्या भूमीच्या होऊन राहिल्या. भिंतीकडे तोंड करून नऊ वर्षे ध्यानस्थ बसलेला, हातपाय आक्रसलेला ‘दारुमा’ हा तर नेत्सुके-कारागिरांचा लाडका विषय. हा दारुमा म्हणजे बोधिधर्म. आणि परंपरा त्याला दक्षिण भारतातील, कांचीचा राजपुत्र मानते. तमिळ देशातून निघालेला एक संन्यासी हजार-बाराशे वर्षांनी एदोच्या तांदूळ-व्यापाऱ्याच्या कमरेला लोंबताना दिसावा, हे संस्कृतीच्या प्रवासाचे एक गमतीदार दृश्य होय.

१८५३ साली अमेरिकेच्या युद्धनौका एदोच्या उपसागरात आल्या, १८५९ मध्ये योकोहामाचे बंदर परकी व्यापाराला खुले झाले, आणि १८६८ साली मेइजी सम्राटाच्या नावाने नवे राज्य सुरू झाले. अधिकारी कोट-पाटलोण घालू लागले. १८७६ साली तलवार बाळगण्यास बंदी झाली. कोटाला खिसे होते. चिलीम आणि तंबाखूची पिशवी यांच्या जागी सिगारेट आली. एका पिढीच्या अवधीत नेत्सुकेचे काम संपले. घरोघरच्या पेट्यांतून या पुतळ्या बाहेर पडल्या, आणि योकोहामाच्या दुकानांतून पॅरिस, लंडन, बोस्टन येथील संग्राहकांच्या काचकपाटांत जाऊन बसल्या. येथवर कोणाचा अपराध झाला असे म्हणता येत नाही. ज्याची वस्तू होती त्याने ती आपल्या हाताने विकली, आणि ती विकण्यापूर्वीच तिचा उपयोग सरला होता.

पण मागणीला अंत नव्हता आणि जुन्या पुतळ्यांना होता. तेव्हा कारागिरांनी केवळ परदेशी ग्राहकांसाठी नव्या पुतळ्या घडविण्यास आरंभ केला. १८७३ चे व्हिएन्नाचे आणि १८७६ चे फिलाडेल्फियाचे प्रदर्शन यांनी या व्यापाराला मोठी चालना दिली. ‘ओकिमोनो’ म्हणजे मांडून ठेवावयाची वस्तू. हा प्रकार आता हस्तिदंतात भरभराटीस आला. टोपली खांद्यावर घेतलेला कोळी, नातवाला खेळविणारा म्हातारा, फुले विकणारी बाई अशा वीतभर आणि त्याहून उंच मूर्ती संपूर्ण सुळ्यातून कोरल्या जाऊ लागल्या. त्यांतील उत्तम काम खरोखर उत्तम होते. १८८९ साली सुरू झालेल्या तोकियोच्या ललितकला विद्यालयात शिकविणारे इशिकावा कोमेइ यांच्यासारख्या कलावंतांनी हस्तिदंताच्या शिल्पाला मान मिळवून दिला. मात्र या मूर्तींना छिद्रे नव्हती. त्या कोणाच्या कमरेला कधी लोंबल्या नाहीत. आरंभापासूनच त्या कपाटासाठी जन्मल्या. उरलेल्या त्रिकोणी तुकड्यावर भागविणारी कला आता अख्खा सुळा मागू लागली.

हा सुळा कोठून येत असे, या प्रश्नाच्या उत्तरात मुंबईचा उल्लेख टाळता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पूर्व आफ्रिकेतील हस्तिदंताची मोठी पेठ झांजिबार ही होती. तेथील व्यापारात कच्छी आणि गुजराती पेढ्यांचा वरचष्मा होता, आणि त्यांचा माल मुंबईस येऊन येथून लंडनकडे व चीनकडे रवाना होई. काही भाग देशातच राहून त्याचे लग्नाचे चुडे होत. हत्तींच्या कळपांपासून बंदरापर्यंत हे सुळे माणसांच्या खांद्यांवरून वाहून आणले जात, आणि त्या वाहणाऱ्यांत गुलामांचाही भरणा असे. मुंबईच्या गोदीत तो माल उतरे तेव्हा त्यावर रक्ताचा डाग दिसत नसे.

जपानशी मुंबईचा सरळ संबंध जडला तो कापसामुळे. १८९३ साली जमशेटजी टाटा जपानला गेले. परदेशी आगबोट-कंपन्यांचे चढे नोल मोडून काढण्यासाठी त्यांनी निप्पोन युसेन काइशा या जपानी कंपनीशी हात मिळविला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जपान–मुंबई आगबोटी सुरू झाल्या. वऱ्हाड-खानदेशचा कापूस जपानी गिरण्यांकडे जाऊ लागला. जमशेटजींचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा यांचे मन कलावस्तूंत रमणारे होते. लंडनजवळ ट्विकनहॅम येथे त्यांचे ‘यॉर्क हाउस’ हे निवासस्थान होते. युरोपीय चित्रांबरोबर चीन आणि जपान येथील कलावस्तूंचाही त्यांनी संग्रह केला. १९१८ साली त्यांचे निधन झाले. १९२२ साली मुंबईचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम जनतेसाठी उघडले; त्या सुमारास सर रतन यांचा आणि पुढे १९३३ साली त्यांचे बंधू सर दोराबजी यांचा संग्रह तेथे आला. आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या वास्तूत, पूर्वेकडील देशांच्या कलेच्या दालनात, मराठी शाळेतली मुले काचेला नाक लावून पौर्वात्य कोरीवकाम पाहतात. खासगी हौस अशी सार्वजनिक झाली, तर ती अनेकांच्या उपयोगी पडते.

संग्राहकाच्या हौसेला दुसरी बाजूही आहे. क्योतोच्या तोमोतादाने कोरलेले बसलेले बैल एवढे लोकप्रिय होते, की त्याच्या नकला होत असल्याचे १७८१ च्या ग्रंथातच सांगितले आहे. परदेशी पैसा आल्यावर नकलांना पूर आला. नव्या हस्तिदंताला चहाच्या पाण्यात बुडवून जुनेपणाचा रंग देण्यात येई; प्रसिद्ध कारागिराचे नाव तळाशी कोरले जाई; छिद्रेही पाडली जात, कारण ग्राहक छिद्रे पाहतो हे विक्रेत्याला ठाऊक झाले होते. पुढे हस्तिदंताच्या जागी राळेचे ओतीव ठोकळे आले. पण दोरीने पन्नास वर्षे केलेली झीज कानशीने एका दुपारी करता येत नाही. खोट्या छिद्राची कड सर्व बाजूंनी सारखी झिजलेली असते. खऱ्या छिद्राची झीज दोरीचा ताण ज्या बाजूला पडे, तेथेच असते.

या व्यवहारात जो फसला तो ग्राहकच होता. खोटी वस्तू त्याच्या पदरी पडली आणि मूळ धन्याचे काही गेले नाही. परंतु संग्राहकांचा बाजार एकदा जागा झाला, म्हणजे तो केवळ कपाटासाठी घडविलेल्या किंवा कामातून गेलेल्या वस्तूंवर तृप्त राहत नाही. ज्या वस्तू अद्याप कामात आहेत त्यांच्यावरही त्याची दृष्टी जाते. तेव्हा नकल कोणाच्या पदरी पडते, हे पाहण्यासाठी कावेरीच्या काठी गेले पाहिजे.

कुंभकोणम्‌चा परिसर मराठी माणसाला परका नाही. तंजावरला व्यंकोजी राजांनी सतराव्या शतकात जी गादी स्थापन केली ती १८५५ पर्यंत टिकली. कुंभकोणम्‌पासून मायावरमच्या वाटेवर तिरुविडैमरुदूर हे क्षेत्र लागते. तंजावरचे अमरसिंह महाराज १७९८ साली पदच्युत झाल्यावर तेथेच राहिले. त्याच वाटेने थोडे पुढे गोविंदपुरम् आहे. कांची कामकोटी पीठाचे आचार्य बोधेन्द्र सरस्वती यांची समाधी तेथे आहे. नामस्मरणाचा महिमा सांगणाऱ्या या यतीची समाधी काळाच्या ओघात विस्मृतीत गेली होती. मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी ती नदीकाठी शोधून काढली आणि तंजावरच्या मराठी राजाचे साहाय्य त्यास लाभले, असे परंपरा सांगते. या भजनसंप्रदायात तमिळ गृहस्थ पिढ्यान्‌पिढ्या तुकोबांचे आणि नामदेवांचे अभंग मराठीत गात आले आहेत. २०११ साली गोविंदपुरम् येथे विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिर उभे राहिले. त्याचे शिखर तमिळ गोपुराच्या धर्तीचे नसून महाराष्ट्रातील देवळांच्या वळणाचे आहे.

या भूमीत देवाची मूर्ती दोन प्रकारची असते. गाभाऱ्यातील मूलमूर्ती दगडाची. ती हलत नाही. दुसरी उत्सवमूर्ती, ती धातूची. उत्सवात तिला स्नान घालतात, वस्त्रे नेसवितात, पालखीत किंवा रथात बसवून गावातून मिरवितात. जो देवळापर्यंत येऊ शकत नाही त्याच्या दारी देव स्वतः जातो, असा यामागचा भाव आहे. नवव्या ते तेराव्या शतकांतील चोल राजवटीत या धातुमूर्तींची कला शिखराला पोहोचली. मेणाची मूर्ती करावयाची, तिच्यावर मातीचे लेप द्यावयाचे, तापवून मेण वितळवून काढावयाचे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतावयाचा, ही ती पद्धत. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात तिचे वर्णन आहे, आणि कुंभकोणम्‌च्या पश्चिमेस स्वामिमलै येथील स्थपती कावेरीची बारीक माती वापरून आजही याच पद्धतीने मूर्ती ओततात. साचा फोडल्याविना मूर्ती बाहेर येत नाही. म्हणून प्रत्येक मूर्ती एकटीच असते.

चोल उत्सवमूर्तीच्या पीठाकडे पाहिले तर तेथेही छिद्रे किंवा कड्या आढळतात. मिरवणुकीसाठी दांडे आणि दोर यांनी मूर्ती पक्की बांधता यावी, म्हणून ती ठेवलेली असतात. शतकानुशतकांच्या अभिषेकांनी, चंदन चोळून धुण्याने मूर्तीच्या मुद्रेवरील रेषाही मऊ झालेल्या असतात. कमरेला लोंबणारी दोन बोटांची पुतळी आणि खांद्यांवरून मिरवणारा देव यांत तुलना ती काय? तरी एवढे साम्य खरे, की दोघांचेही खरेपण त्यांच्या वापराच्या खुणांत आहे. फरक इतकाच, की पुतळीचा वापर थांबला होता. देवाचा थांबला नव्हता.

१९५१ साली कुंभकोणम्‌जवळच्या शिवपुरम् या गावी शेतात जमीन खणताना धातूच्या काही मूर्ती सापडल्या. आक्रमणाच्या काळी मूर्ती जमिनीत पुरून ठेवण्याची चाल या प्रदेशात होती. त्या पुरणाऱ्यांपैकी कोणी परत आले नाही, म्हणजे मूर्ती तशाच राहत. या मूर्तींत दहाव्या शतकातील एक अत्युत्कृष्ट नटराज होता. सरकारी सोपस्कार पूर्ण होऊन त्या गावच्या देवळाच्या स्वाधीन करण्यात आल्या. पुढे १९५४ च्या सुमारास डागडुजीसाठी त्या कुंभकोणम्‌च्या एका कारागिराकडे देण्यात आल्या. काही काळाने मूर्ती देवळात परत आल्या. गावाने त्यांना हात जोडले. पण परत आलेला नटराज हा नटराज नव्हता; ती त्याची प्रतिकृती होती. अस्सल मूर्ती मुंबईस पोहोचली होती.

मुंबईत ती काही वर्षे संग्राहकांकडे राहिली. १९६५ साली मुंबईच्याच भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटने आरंभीच्या चोल मूर्तींवरील एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे लेखक ब्रिटिश म्युझियममधील विद्वान डग्लस बॅरेट हे होते. शिवपुरम्‌च्या देवळात उभी असलेली मूर्ती आधुनिक नकल आहे आणि मूळ मूर्ती खासगी संग्रहात आहे, हे त्यांनी उघड केले. जपानच्या बाजारात नकल ग्राहकाच्या पदरी पडत होती. येथे अस्सल वस्तू ग्राहकाला मिळाली आणि नकल भक्तांच्या पदरी पडली. ग्राहक फसला तर त्याचे पैसे जातात. भक्त फसला तर त्याचे काय गेले, याचे मोजमाप कोणत्याही बाजारात होत नाही. त्याचा नमस्कार खोटा नव्हता, एवढेच म्हणता येईल.

तरीही मूर्ती थांबली नाही. १९६९ साली ती न्यूयॉर्कला गेली, आणि काही वर्षांत कॅलिफोर्नियातील धनाढ्य संग्राहक नॉर्टन सायमन यांच्या प्रतिष्ठानाने ती दहा लाख डॉलरांच्या आसपास किंमत देऊन विकत घेतली. भारत सरकारने दावे दाखल केले. डागडुजीसाठी मूर्ती लंडनला गेली असता स्कॉटलंड यार्डने ती अटकावून ठेवली. अखेर १९७६ साली तडजोड झाली: दहा वर्षे मूर्ती त्या प्रतिष्ठानाकडे राहावी आणि नंतर भारताला परत मिळावी. त्याप्रमाणे १९८६ साली नटराज मायदेशी आला.

हा खटला अखेरचा ठरला नाही. १९७६ साली तंजावरच्या त्याच मुलखात, पत्तूर गावी, एका मजुराच्या कुदळीला आणखी एक नटराज लागला. तोही हातोहाती लंडनच्या बाजारात गेला आणि एका कॅनेडियन कंपनीने तो घेतला. या वेळी लंडनच्या न्यायालयापुढे एक अपूर्व प्रश्न उभा राहिला: मूर्तीवर हक्क सांगणारा वादी कोण? ज्या देवळातून ती गेली ते देऊळ तर पडून ओसाड झालेले. भारतीय कायदा देवाला आणि देवस्थानाला स्वतंत्र व्यक्तित्व देतो. इंग्रज न्यायाधीशांनी ते व्यक्तित्व मान्य केले. पडक्या देवळाच्या नावाने दावा चालला, जिंकला गेला, आणि १९९१ साली मूर्ती परत आली. पूजा खंडित झाली म्हणजे देवाचा हक्क संपतो असे नव्हे, हा त्या निकालाचा मथितार्थ होय.

अशा खटल्यांत छिद्रांच्या साक्षीला आणखी एक जोड मिळाली. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने १९५० च्या दशकापासून दक्षिणेतील देवळांची आणि मूर्तींची हजारो छायाचित्रे घेऊन ठेवली होती. परदेशातील संग्रहालयात दिसणारी मूर्ती कोणत्या देवळात उभी होती, हे त्या जुन्या छायाचित्रांनी पुष्कळदा सिद्ध केले. श्रीपुरंदान येथील नटराज ऑस्ट्रेलियाने २०१४ साली परत केला. अशाच मूर्तिचोरीच्या एका प्रकरणात न्यूयॉर्कच्या एका नामांकित व्यापाऱ्याला २०२२ च्या नोव्हेंबरात दहा वर्षांची शिक्षा झाली. ती सुनावली कुंभकोणम्‌च्याच न्यायालयाने.

१९७२ हे वर्ष या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. त्या एकाच वर्षी भारताने दोन कायदे केले. एक पुराणवस्तू आणि कलानिधी यांच्या रक्षणाचा. दुसरा वन्य जीवांच्या रक्षणाचा. पहिल्याचा संबंध नटराजाशी आहे, दुसऱ्याचा हत्तीशी. १९८६ साली वन्य जीव कायद्यात दुरुस्ती होऊन भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, आणि १९९१ मध्ये आफ्रिकेतून आलेल्या हस्तिदंतालाही तीच बंदी लागू झाली. जगातही हेच वारे वाहत होते. आफ्रिकेतील हत्तींची संख्या १९७९ साली सुमारे तेरा लाख असल्याचा अंदाज होता. पुढच्या दहा वर्षांत ती निम्म्यावर आली. १९८९ साली आफ्रिकी हत्तीच्या अवयवांचा आंतरराष्ट्रीय व्यापार निषिद्ध ठरविण्यात आला. ब्रिटनने २०१८ साली स्वतंत्र कायदा केला. २०२२ मध्ये तो अमलात आल्यापासून जुन्या हस्तिदंती वस्तूही थोडे अपवाद सोडून विकता येत नाहीत.

संग्राहकांना हे कायदे जाचक वाटतात. दोनशे वर्षांपूर्वी मेलेला हत्ती एक पुतळी न विकल्याने जिवंत होणार नाही, असे ते म्हणतात. आणि ते खरेच आहे. पण जुन्या हस्तिदंताचा बाजार उघडा राहिला, तर नवा हस्तिदंत चहाच्या पाण्यात बुडून जुना होतो. जुन्या मूर्तींचा बाजार उघडा राहिला, तर कालच चोरलेली मूर्ती पन्नास वर्षांपूर्वीचे कागद घेऊन येते. जिथे वय हीच किंमत आहे तिथे वय बनविले जाते.

संग्रह करणे हा दोष नव्हे. याच तंजावरचे सरफोजी महाराज दुसरे हे थोर संग्राहक होते. १७९८ ते १८३२ या आपल्या कारकिर्दीत त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालयात देशोदेशींचे ग्रंथ, चित्रे आणि नकाशे जमविले. काशीयात्रेहून येताना हस्तलिखितांचे भांडार बरोबर आणले. तो संग्रह त्या जागीच राहिला, १९१८ साली सर्वांसाठी खुला झाला, आणि मोडी कागदांपासून वैद्यकाच्या पोथ्यांपर्यंत त्याचा उपयोग आजही होतो. त्या पोथ्यांची पाने वाचकांच्या बोटांनी झिजली आहेत. संग्रहाची यापेक्षा चांगली खूण सांगता येणार नाही.

परत आलेल्या देवांचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. पुन्हा चोरी होईल या भीतीने त्या भागातील अनेक मूर्ती तिरुवारूर येथील सरकारी मूर्तिकेंद्रात कुलूपबंद ठेवाव्या लागल्या. खेड्यातील देवळाला मजबूत दार नाही, रात्रीचा पहारेकरी नाही. तेव्हा या व्यवस्थेला दोष देता येत नाही. पण कुलपाआड उभ्या असलेल्या त्या मूर्तींच्या पीठांतील छिद्रे रिकामी आहेत. त्यांत दांडे घालणारे कोणी नाही. कॅलिफोर्नियाच्या दालनात नटराज जसा केवळ पाहण्यापुरता उभा होता, तसाच तो स्वदेशातही उभा राहणार असेल, तर परतीचा प्रवास अर्धाच झाला.

गोविंदपुरम्‌च्या वाटेवरील लहानमोठ्या गावांत उत्सवाच्या दिवसांत आजही देव बाहेर निघतो. आदल्या रात्री जुने दोर तपासले जातात, पीठाला बांबू आवळून बांधले जातात, आणि सकाळी गावातले तरुण त्याखाली खांदा देतात. दोराच्या घासाने धातूची कड त्या दिवशीही किंचित झिजते. ती झीज पाहून शंभर वर्षांनी कोणी तज्ज्ञ त्या मूर्तीचे खरेपण ओळखील. खांदा देणाऱ्यांच्या मनात हा विचारही नसतो. त्यांचे लक्ष एवढ्याकडेच असते, की पुढच्या वळणावर, जिच्या अंगात उठून बसण्याचे त्राण नाही अशी एक वृद्धा दारात वाट पाहत आहे, आणि तिथे क्षणभर थांबावयाचे आहे.